शनिवारी विजेला रजा

दर शनिवारी दिवेलागणीला मास्तर जिन्याखालच्या मेन बोर्डापाशी यायचे. पायात लाकडी खडावा आणि हातात छत्री. छत्रीच्या वाकड्या मुठीनं मेन स्विचचा दांडा खाली ओढायचे, की कलकत्त्यातल्या बालीगंजच्या गल्लीतल्या त्या दुमजली घरातला उजेड एका झटक्यात जायचा. छताचा पंखा आपल्या मनानं आणखी दोन-चार फेरे घ्यायचा आणि थांबायचा. मग अंधारातून मास्तरांचा खणखणीत आवाज यायचा, "विजेला रजा!"

मी त्यांचा खालच्या खोलीतला भाडेकरू. धंद्यानं वायरमन. ती छत्री बघून माझा जीव वर-खाली व्हायचा.

"मास्तर, छत्रीला लोखंडाची काडी असते. एखाद दिवशी चिकटाल."

"आजवर चिकटलोय का?"

"आजवर चिकटला असता तर उत्तर कोणी दिलं असतं?"

"म्हणजे तूच सांगतोयस की नाही चिकटलो. संपलं."

असं त्यांचं बोलणं. सगळी गल्ली त्यांना मास्टरमोशाय म्हणायची, आम्ही मराठी माणसं मास्तर. बंगाली मुलांच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. आजोबा कधी तरी सरकारी मोजणीखात्यातून इकडे आले, तेव्हापासून घराणं इथलंच. मराठी स्वच्छ बोलायचे, पण मधेच बंगाली वळणानं "बस, चहा खाऊन जा" म्हणायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. ते म्हणाले, "हसू नकोस, पोटातच जातो ना?"

मी सातारा जिल्ह्यातला. शाळा दुसरीपर्यंत, आणि त्या दोन वर्षांतही बराच वेळ गुरुजींची म्हैस राखण्यात गेला. पण तारेतलं मला जेवढं कळायचं तेवढं बालीगंजपासून बराकपूरपर्यंत दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं, हे मी आजही सांगतो, कोणाला पटो न पटो. एका मराठी ठेकेदाराबरोबर बराकपूरच्या छावणीतल्या बराकींचं वायरिंग करायला आलो आणि राहिलोच. खोली घेतली तेव्हा मास्तरांनी एकच अट घातली. शनिवारी संध्याकाळी, जेवणाची पानं मांडेपर्यंत, घरात दिवा नाही. कंदील, मेणबत्ती, टॉर्च, काही नाही.

"अहो, मी वायरमन आहे," मी म्हटलं. "दिवसभर लोकांकडे उजेड लावून येतो."

"मग एक दिवस तुलाही सुट्टी."

त्यांच्या टेबलावर राणीगंजच्या खाणीतल्या कोळशाचं एक ढेकूळ असायचं. नव्या माणसाच्या तळहातावर ठेवायचे. "जड आहे?"

"आहे."

"कोणी तरी खाली अंधारात वाकून हा फोडला. इथे आपण त्याच्यावर दिवा लावून पेपर वाचतो. आठवड्यात एक संध्याकाळ आपण अंधारात बसलो तर तेवढा कमी फोडावा लागेल."

"एका घरानं काय होणार, मास्तर?"

"एका घराचं होईल."

दुसरं एक वेड होतं, ते याहून मोठं. आपण वाचवलेली वीज ट्रामला मिळते, असं ते धरून चालले होते. शनिवारी अंधारात बसलं की मोठ्या रस्त्यावरून ट्रामची खडखड यायची आणि मास्तर बोट वर करायचे. बोट दिसायचं नाही, पण केलंय हे कळायचं. "ऐक. आपल्या विजेवर गेली." मी शंभर वेळा सांगितलं की तारेचं असं नसतं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि पुढच्या ट्रामला पुन्हा, "ही बघ, जरा जोरात."

त्या वर्षांत कलकत्त्यात लोडशेडिंग सुरू झालेलं. रोज कुठल्या ना कुठल्या वेळी वीज जायचीच. गल्लीतले लोक हसायचे, की मास्टरमोशायना घरबसल्या फुकटचं पुण्य मिळतंय. मास्तरांना मात्र लोडशेडिंगचा भयंकर राग. एका शनिवारी ते बोर्डाकडे यायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. मास्तर काळोखात तसेच उभे राहिले. मग त्यांनी मेन ओढलाच.

"आता कशाला? वीजच नाही," मी म्हटलं.

"ती त्यांनी नेली. मी दिली नाही."

वीज परत आली, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उजळल्या, आमचं घर तेवढं काळं. त्यांचं समाधान झालंच नाही. दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुन्हा छत्री घेऊन खाली. आदला दिवस धरायचा नाही म्हणाले. पडलेला उपास वेगळा आणि धरलेला उपास वेगळा.

त्यांची विधवा बहीण त्यांच्याजवळ असायची. आम्ही तिला अक्का म्हणायचो. शनिवारी पंखे बंद, त्यामुळे ताडाच्या पानाचा पंखा अक्काच्या हातात. ती वारा घालता घालता म्हणायची, "विजेला रजा आणि मला ड्यूटी. माझा कोळसा कोण फोडतं ते नाही विचारलंस रे कधी."  सगळ्या जगाला ते उत्तर द्यायचे, अक्काला नाही.

एकदा मीच त्यांना पकडलं. संध्याकाळी घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटायच्या. इथे त्यांना उनान म्हणतात. गल्ली धुरानं भरून जायची. मी म्हटलं, "मास्तर, अक्काच्या उनानातला कोळसा चालतो वाटतं?"

"तो डोळ्यांसमोर जळतो," ते म्हणाले. "दिसतो म्हणून आपण दोन ढेकळं कमी घालतो. तारेतून येतो तो कोणाला दिसतो?"

 हे अजून डोक्यात बसलंय. माझा नातू न्यू टाउनला राहतो, तिथे जिन्यातसुद्धा दिवसाढवळ्या दिवे जळत असतात. मी गेलो की विझवत वर चढतो. वॉचमन मागून लावत येतो.

पहिले काही शनिवार मी रागानं खोलीत बसून काढले. मग उकाड्यानं वर गच्चीला लागून असलेल्या व्हरांड्यात जायला लागलो. आणि खरं सांगतो, मला ते आवडायला लागलं, कोणाला बोललो नाही इतकंच. आधी काहीच दिसायचं नाही. मास्तर म्हणायचे, "डोळ्यांना घाई करू नकोस." मग हळूहळू कठड्याची रेघ यायची, अक्काच्या लुगड्याचा पांढरेपणा यायचा, नारळाची झावळी यायची. शेजारच्या घरात शंख वाजायचा, त्याला तिसऱ्या घरातला शंख उत्तर द्यायचा. हातरिक्षाची घंटी गल्लीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची. धूर, ओली माती, कोणाकडे तरी मोहरीच्या तेलात पडलेली मासळी. घर जागचं सुटून हळूच कुठे तरी निघालंय असं वाटायचं. मास्तर तेव्हा फार खाली आवाज लावून बोलायचे. हा कोळसा म्हणजे जुनं बुडालेलं जंगल आहे, त्या झाडांनी तेव्हा खाल्लेलं ऊन अजून आत आहे, असलं काही तरी. मी खाली टेकून ऐकायचो. उजेडात हेच कोणी सांगितलं असतं तर मी उठून गेलो असतो.

आता माझं सांगतो. त्याशिवाय मास्तर पुरे होत नाहीत.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. ही गावी, माझ्या आईजवळ. सातवी पास. माझ्यापेक्षा पाच इयत्ता पुढे, आणि मला वाचता येत नाही हे तिला माहीत नव्हतं. आकडे यायचे, मीटर वाचायचो, त्यावर निभायचं. गावी पत्र पाठवायचं तर ठेकेदाराचा कारकून लिहून द्यायचा. त्याला हौस फार. 'तुझ्या विरहाने व्याकूळ' वगैरे आपल्या मनचं घालायचा. मला वाटायचं, बायकांना आवडत असेल.

एके दिवशी तिचं कार्ड आलं. उघडं पोस्टकार्ड, त्यामुळे अक्कानं वाचलं, मास्तरांनी वाचलं. घरात ज्याच्या नावानं आलं त्यालाच तेवढं वाचता आलं नाही. मी कारकुनाकडे नेलं. तो म्हणाला, "सर्व खुशाल आहे. म्हातारी बरी आहे. म्हैस व्याली." मी कार्ड खिशात घातलं.

त्या शनिवारी अंधारात मास्तरांनी विचारलं, "मिस्त्री, कारकुनानं कार्ड पुरतं वाचलं का रे?"

"वाचलं की. म्हैस व्याली."



"शेवटच्या दोन ओळी?"

"कुठल्या?"

मास्तरांना कार्ड पाठ होतं. त्यांनी म्हणून दाखवलं. तिनं लिहिलं होतं, "पत्रे दुसरा कोणी लिहितो ते मला कळते. मला दुसऱ्याशी संसार करायचा नाही. तुमच्या हातच्या दोन ओळी आल्या तरच मी कलकत्त्याला येईन, नाही तर येणार नाही."

कारकुनानं नेमकं तेवढंच गाळलं होतं. त्याच्या लिखाणाला नाव ठेवलं होतं ना.

 तिथे दिवा असता तर मी कोणाच्या तरी अंगावर धावून गेलो असतो. अंधारात कोणावर धावणार? अक्का म्हणाली, "मुलगी शहाणी आहे हो." मला ते अपमानासारखं लागलं.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी माझ्या हातात तारेचा तुकडा दिला. "काय आहे सांग."

"तीन-बावीसची तार, तीन काड्यांची. जुनी. कुठल्या तरी तोडलेल्या फिटिंगची."

"न बघता कळलं?"

"बोटांना कळतं. मेन बंद करून काम करायचं तर बघायला दिवा कुठला?"

त्यांनी तुकडा घेतला, काही तरी खुडबुड केली, परत दिला. "आता?"

"वाकवलीत. एक गोल केलाय, आणि बाजूला उभा दांडा."

"त्याला व म्हणतात. वायरमनमधला."

मी तार फेकली आणि उठलो. कठड्यावर गुडघा आपटला, तसाच जिना उतरलो. सत्तावीस वर्षांचा माणूस, मिशी आलेला, माझ्या हाताखाली दोन माणसं. मला हा अंधारात बसवून व शिकवतो? दोन शनिवार वर गेलो नाही. खोलीत घाम गाळत बसलो. खिशातलं कार्ड मऊ पडलं होतं. त्यातल्या शेवटच्या दोन ओळी कुठे असतील त्या जागेवर मी बोट फिरवायचो. शाईचं कार्ड, बोटाला काय लागणार?

तिसऱ्या शनिवारी वर गेलो. मास्तर "आलास?" म्हणाले नाहीत, "का गेला होतास?" म्हणाले नाहीत. मी बसलो तशी हातात तार आली. गोलाच्या पोटात तिरपी काडी.

"हा ब," ते म्हणाले, आणि मग मोठ्यांदा, "अक्का, ऐक, ट्राम गेली."

अशी माझी शाळा झाली. मास्तरांनी त्याला कधी शिकवणं म्हटलं नाही. मी कधी शिकणं म्हटलं नाही. ते तारेची अक्षरं करायचे, मी ओळखायचो. मग मी करायला लागलो. दिवसा कामावर तारेचे तुकडे उरायचे ते खिशात भरून आणायचो. ण वाकवायला सोपा, क्ष फार छळतो. मग मास्तरांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि फरशीवर लिहायला लावलं. दिसत काही नव्हतं, तरी चुकलं की त्यांना घासण्याच्या आवाजावरून कळायचं. "दांडा आखूड केलास." खरंच केलेला असायचा.

आणि शेवटी, पानं मांडायच्या आधी, ते मला हिची अजून न निघालेली गाडी सांगायचे. भूगोलाचे मास्तर ते. एका शनिवारी ती कल्याणला बसली. पुढच्या शनिवारी भुसावळ, बाहेर केळीच्या बागा. मग वर्धा, नागपूर, तिथे संत्र्याची टोपली खिडकीतून आत. मग जंगल, रात्रभर जंगल. प्रत्येक स्टेशनाचं पाणी कसं लागतं हेसुद्धा सांगायचे. मी डोळे मिटून घ्यायचो, उघडे ठेवले काय नि मिटले काय. ती खिडकीशी बसलेली मला दिसायची, पदर दातांत धरलेली. खरगपूरला आणून मास्तर थांबले.

"पुढे?"

"पुढे सिग्नल नाही. तो तुझ्याकडे आहे."

मी कार्ड आणलं. दिवसा लिहायला बसलो की माझं अक्षर मला दिसायचं आणि मी ते फाडायचो. पाच-सहा कार्डं फाडली असतील.  म्हणून शनिवारी अंधारातच लिहायचं ठरवलं. अक्का म्हणाली, "ओळीखाली फणी धर बाबा, म्हणजे वाकडं जाणार नाही."

"फणी नको. मला लागत नाही."

"लागते," मास्तर म्हणाले.

"मी म्हटलं ना, नको."

लिहिलं. मी बरा आहे. तू ये. इथे शनिवारी अंधार असतो, भिऊ नको. एवढंच, पण घामानं अंघोळ झाली. पत्ता आधीच अक्कानं घालून ठेवला होता, तेवढं तिचं चालवून घेतलं. मी म्हटलं, "कोणी वाचायचं नाही." मास्तर कार्ड घेऊन तसेच अंधारात जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आले. घरात आलेलं प्रत्येक कार्ड वाचणारा माणूस, पण त्या दिवशी कार्डाकडे बघितलंही नाही. हे मी त्यांच्या बाजूनं कायम सांगतो. मास्तर जाऊन कित्येक वर्षं झाली. लोक अजून त्यांची छत्रीची गोष्ट हसून सांगतात. ही कोणी सांगत नाही, कारण कोणाला माहीतच नाही.

महिना गेला. मास्तर गाडीचं नाव काढीनात. मग एक दिवस दुपारी घरी आलो तर जिन्याच्या पायरीवर कार्ड. मास्तर वरच्या पायरीवर बसलेले, तोंड दुसरीकडे. त्यांनी वाचलेलं होतं हे मानेवरून कळत होतं.  मी खालच्या पायरीवर बसलो आणि बोट ठेवून वाचायला लागलो. चहा दोनदा उकळेल एवढा वेळ लागला. भाऊ सोडायला येतो आहे, शनिवारी पोचते, असं होतं. मी वर बघितलं.

"शनिवारी," मी म्हटलं.

"हो का?" मास्तर म्हणाले, जसं आत्ताच कळलं.

गाडी दुपारी यायची ती संध्याकाळी आली. निघण्याआधी मी मास्तरांना म्हणालो होतो, "आजच्या दिवस तरी दिवा राहू दे. पहिल्यांदा घरात येतेय."

"पहिल्याच दिवशी तिला खोटं घर दाखवू?"

"मास्तर, हात जोडतो."

"जोडू नकोस. डोळे सरावतात."

मी हावड्यापर्यंत त्यांना मनात शिव्या देत गेलो. परत आलो, टॅक्सी गल्लीत शिरली, सगळ्या घरांत दिवे आणि आमचं काळं ठिक्कर. ट्रंक, वळकटी, ही आणि मेहुणा. मेहुणा उंबऱ्यापाशीच थांबला.

"दाजी, लाइटचं बिल भरलं नाही का?"

"भरलंय. आज शनिवार आहे."

"शनिवार आमच्याकडं पण असतोय. दिवा लावून."

वरून मास्तरांचा आवाज आला, "आत या. बसा जरा."

"तुम्ही कोण?"

"घरमालक."

"मग दिवा लावा की."

"लावणार नाही."

मेहुण्यानं वळकटी खाली आपटली. "चल गं. आजची रात्र स्टेशनात काढू, सकाळच्या गाडीनं परत. असल्या अंधारात तुला टाकून गेलो तर आईला काय तोंड दाखवू?"

मी जिन्याखाली सरकलो. बोर्डाची जागा मला डोळे फोडले तरी सापडली असती. मेनच्या दांड्यावर हात ठेवला. एक झटका, बस. खोली गेली असती, मास्तर तुटले असते, पण ही राहिली असती. माझं ठरलंच होतं.

"बाई," मास्तर वरून म्हणाले, "याचं पत्र मिळालं होतं ना?"

"मिळालं." हिचा आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला.

"काय लिहिलं होतं? मी वाचलं नाही, म्हणून विचारतो."

ती म्हणाली, "वाचता नाही आलं. सगळ्या ओळी एकमेकींवर चढल्यात. 'ये' तेवढं लागलं, ते पण अंदाजानं."

माझे कान तापले. फणी नको म्हणणारा मीच. दांड्यावर हात होता, पण आता दिवा लावून माझं तोंड कोणाला दाखवू?

"मग आलीस कशी?" मास्तरांनी विचारलं.

"वाचता आलं नाही म्हणून तर आले," ती म्हणाली. "आधीची सगळी वाचता यायची."

वर अक्काच्या हातातला पंखा थांबला.   मी दांड्यावरचा हात काढून घेतला.

मग उंबऱ्याशी वहाणा काढल्याचा आवाज आला. आधी तिच्या. जरा वेळानं मेहुण्याच्या.